ऑक्टेन वाढले, गाडीची ताकद वाढली का?

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली की नोझल हातात घेतलेला कर्मचारी विचारतो, ‘साधं की प्रीमियम?’ लिटरमागे काही रुपये जास्त मोजले तर गाडी अधिक चपळ धावेल, अॅव्हरेज वाढेल आणि इंजिनाचे आयुष्यही लांबेल, अशी समजूत शहरी वाहनमालकांत चांगलीच रुजली आहे. महाग ते चांगले हा न्याय इतरत्र लागू पडत असेल. पेट्रोलला तो सरसकट लावता येत नाही.

मुळात ऑक्टेन हा अंक पेट्रोलमधील ऊर्जा मोजतच नाही. तो मोजतो पेट्रोलची सहनशीलता. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनकडून दाबले जाते आणि दाबाबरोबर त्याचे तापमानही चढते. स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला क्रमाक्रमाने पसरावी, अशी अपेक्षा असते. ती पोहोचण्यापूर्वीच उरलेल्या मिश्रणाने आपणहून पेट घेतला, तर धातूवर हातोडी आपटावी तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. पूर्वी भरलेली अॅम्बॅसिडर किंवा पद्मिनी घाट चढू लागली की ही खडखड कानी पडत असे. दीर्घकाळ चालणारे नॉकिंग पिस्टनला इजा करते. आयसो-ऑक्टेन या घटकाला 100 आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ही सहनशीलता मोजण्याची पट्टी तयार झाली. 91 ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि नऊ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसणारे पेट्रोल, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, त्याला अधिक ऑक्टेनची गरज असते. जास्त दाबातून जास्त शक्ती मिळते, हे खरे. परंतु ती शक्ती इंजिनाच्या रचनेतून येते. पेट्रोल त्या रचनेला केवळ साथ देते. 91 ऑक्टेनसाठी बेतलेल्या साध्या इंजिनात 97 किंवा 100 ऑक्टेनचे पेट्रोल ओतले, तरी त्याचा दाब तेवढाच राहतो आणि वाढीव सहनशीलता न वापरताच जळून जाते.

याला अपवाद आहेत. आधुनिक गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याच्या इशाऱ्यावरून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ पुढेमागे करतो. टर्बोचार्जर असलेल्या किंवा उच्च दाबाच्या इंजिनांना साधे पेट्रोल मिळाले, तर हा संगणक सावध होऊन थोडी शक्ती सोडून देतो. चांगले पेट्रोल मिळताच ती परत मिळवतो. भर उन्हात, पूर्ण भार घेऊन चढ चढताना हा फरक चालकाला जाणवूही शकतो. कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीत तो जाणवण्याची शक्यता फारच थोडी.

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांची प्रीमियम पेट्रोलवर चाचणी घेतली. शक्ती, अॅव्हरेज आणि प्रदूषण या तिन्हींत लक्षणीय लाभ आढळला नाही. गरज नसताना प्रीमियम भरून अमेरिकी चालकांनी वर्षभरात 2.1 अब्ज डॉलर वाया घालवले, असा या संघटनेचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी, ज्या गाड्यांना निर्मात्याने प्रीमियमची शिफारस केली आहे पण सक्ती नाही, अशा गाड्या तपासल्या गेल्या. तेथे अॅव्हरेज सरासरी 2.7 टक्के आणि शक्ती 1.4 टक्के वाढली. (अमेरिकी पंपांवरील 87 हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो आणि तो आपल्याकडील 91च्या जवळपास येतो. तिकडचे पेट्रोल हलके, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.)

आपल्याकडे गोंधळाला आणखी एक कारण घडले. 2002च्या सुमारास सरकारी तेल कंपन्यांनी ‘स्पीड’, ‘पॉवर’ अशा नावांनी ब्रँडेड पेट्रोल बाजारात आणले. त्यांचे मुख्य वैशिष्ट्य इंजिनाचा आतला भाग स्वच्छ ठेवणारी रसायने हे होते. स्वच्छता आणि ऑक्टेन या दोन भिन्न गोष्टी आहेत. मात्र नावे अशी निवडली गेली की ग्राहकाने त्यांत वेग आणि ताकदच वाचली. पुढे उच्च ऑक्टेनची पेट्रोलेही आली. इंडियन ऑईलने डिसेंबर 2020 मध्ये मुंबई, पुण्यासह काही शहरांत ‘एक्सपी 100’ आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला सुमारे 160 रुपये, म्हणजे साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता. महागड्या, उच्च क्षमतेच्या गाड्यांसाठी ते होते. सामान्य हॅचबॅकच्या टाकीत ते ओतणे ही निव्वळ हौस.

या समजुतीची खरी परीक्षा मात्र सरकारच्या इथेनॉल धोरणाने, कोणी न मागता, देशभर घेतली आहे. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, पूर्वी 88 असलेले साध्या पेट्रोलचे ऑक्टेन भारत स्टेज सहाच्या काळात 91 झाले आणि 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते 95 झाले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन 108च्या आसपास आहे. म्हणजे प्रत्येक वाहनमालकाला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल आपोआप मिळू लागले. तरीही तक्रारी आल्या त्या अॅव्हरेज घटल्याच्या! कारण उघड आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींचे अॅव्हरेज 6 ते 7 टक्के आणि तुलनेने नव्या गाड्यांचे 1 ते 2 टक्के घटेल, असा अंदाज आधीच नोंदलेला होता. ई-20मुळे गाडी अधिक चपळ होते, असे मंत्रालय म्हणते. पण ‘त्यासाठी ट्यून केलेली गाडी’ ही अट त्याच निवेदनात आहे आणि सारे मर्म त्या अटीत आहे.

मग साधे पेट्रोलच 95 ऑक्टेनचे असेल, तर 95 हाच आकडा मिरवणाऱ्या प्रीमियमचे ऑक्टेनपुरते वेगळेपण कितीसे उरते? उरतात ती रसायने. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे, परंतु ग्राहक पैसे मोजतो तो आकड्यासाठी. साधे पेट्रोल 105 रुपये आणि प्रीमियम सात रुपयांनी महाग धरले, तर खर्च भरून निघण्यासाठी अॅव्हरेज साडेसहा टक्क्यांहून अधिक वाढायला हवे. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या, लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या गाडीत वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक रुपये असे जातात. वेळेवर एअर फिल्टर बदलणे आणि टायरमधील हवा तपासणे त्याहून कितीतरी स्वस्त पडते.

गाडीला किती ऑक्टेन हवे, हे निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. अडचण आहे ती पंपावर. अमेरिकेत प्रत्येक पंपावर पिवळ्या पट्टीवर ऑक्टेन अंक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे महाग पेट्रोलचा आकडा फलकावर झळकतो आणि साध्याचा शोधावा लागतो. पंपावर इथेनॉलचे प्रमाण लिहावे आणि इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. पर्याय देणे खर्चाचे असेल, त्यामागे धोरणाचा प्रश्नही असेल. साध्या पेट्रोलच्या यंत्रावर ऑक्टेन आणि इथेनॉल हे दोन आकडे चिकटवायला मात्र कागदाच्या एका पट्टीपलीकडे काही लागत नाही आणि त्यासाठी तेल कंपन्यांना न्यायालयाच्या आदेशाचीही गरज नाही.