"बाहेर नको, माझ्यासमोर घे" : बापाची ही सवलत पोराला वाचवते का?

कळवण : उन्हाळ कांदा चाळीत पडला की आपल्याकडं लग्नांचा धडाका सुरू होतो. हळदीची रात्र, डीजे, आणि मांडवामागं अंधारात 'बसलेली' मंडळी. त्या मंडळीत आता नववी-दहावीची पोरंही दिसू लागलीत. सगळे बघतात, बोलत कुणी नाही. एखाद्या बापाला विचारलंच तर उत्तर ठरलेलं : "बाहेर कुठं नाल्यात पडण्यापेक्षा माझ्या डोळ्यासमोर घेतलेली बरी."

हा बाप पोराचा वैरी नाही, हे आधी मान्य करू. त्याला भीती आहे ती मोटरसायकलची, वाईट संगतीची, विषारी मालाची. घरात थोडी घेतली तर अप्रूप राहणार नाही आणि पोरगं हद्दीत राहील, असा त्याचा हिशोब. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्येही हाच हिशोब चालतो, फक्त तिथं बिअर किंवा वाइन असते. 'फ्रान्समध्ये पोरांना जेवताना वाइन देतात' हा दाखला तर ठरलेला. पण त्याच फ्रान्सनं १९५६ मध्ये १४ वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणात दारू देणं बंद केलं, हे कुणी सांगत नाही.

हा हिशोब खरा उतरतो का, हे ऑस्ट्रेलियात तपासलं गेलं. तिथल्या १९०० हून जास्त शाळकरी मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. आईबापांनी दारू दिलेली मुलं पुढं जास्त सांभाळून पितात, असं काही दिसलं नाही. उलट ज्यांना घरातून मिळाली, त्यांनी बाहेरूनही मिळवण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे घरची बाहेरच्या जागी येत नाही, दोन्ही चालू राहतात. आपल्याकडचा अनुभव काय वेगळा आहे? बापासमोर अर्धा ग्लास घेतलेलं पोरगं मित्रांत गेल्यावर 'मला घरून परवानगी आहे' म्हणूनच बसतं.

आता कायदा. बऱ्याच लोकांना वाटतं, दुकानातून पोराला दिली तर गुन्हा, घरात काय करायचं ते आमचं आम्ही बघू. तसं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ सांगतं की १८ वर्षांखालच्या मुलाला दारू दिली किंवा द्यायला लावली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. सूट फक्त डॉक्टरच्या आदेशाला आहे. बापाला, मामाला, आजोबाला सूट नाही. सर्दी झाली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजणारी आजीसुद्धा या शब्दांत बसते, तिचा हेतू कितीही चांगला असो.

पोरगं १८ चं झालं की मोकळं, असंही नाही. महाराष्ट्रात दारू प्यायलाच परवाना लागतो. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं, बिअरसाठी २१. कॉलेजात जाणारा पोरगा घरात बसून क्वार्टर फोडतो, तेव्हा तोही कायद्याबाहेरच असतो.

पुण्याचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलानं चालवलेल्या आलिशान गाडीखाली मध्य प्रदेशातले दोन तरुण इंजिनिअर गेले, एक मुलगा आणि एक मुलगी. ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला म्हणून देशभर बोंब झाली. त्या गदारोळात एक गोष्ट मागं पडली. पोलिसांनी बापावरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मुलगा पितो हे माहीत असून त्याला पार्टीला जाऊ दिलं आणि लायसन्स नसताना गाडी दिली, असा आरोप होता. 'मला माहीत होतं, माझी परवानगी होती' हे वाक्य बापाला वाचवायच्या ऐवजी त्याच्याच अंगावर आलं. आपल्याकडं पोर्शे नाही, पण लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात मोटरसायकल घरोघर आहे.

त्याच कायद्याचं पुढचं कलम ७८ आपल्या तालुक्याला जास्त लागू पडतं, असं आम्हाला वाटतं. मुलाला दारू विकायला, न्यायला, आणायला वापरणं हाही गुन्हा, शिक्षा तेवढीच. संध्याकाळी बाप खाटेवर बसतो आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला पाठवतो : "जा रे, एक बाटली घेऊन ये." पोरगं पिशवीत बाटली घेऊन येतं, वाटेत झाकण उघडून वास घेतं, एक दिवस घोटही घेतं. बाप म्हणतो, मी कधी पाजली नाही. खरं आहे, पाजली नाही. रस्ता मात्र त्यानंच दाखवला.

रिवाजाचा प्रश्न नाजूक आहे, तो टाळून चालणार नाही. आदिवासी घरांत लग्नाला, देवाला, मयतीला दारूचा मान असतो. आधी धरतीला थेंब सोडायचा, मग बाकीच्यांनी घ्यायची. यावरून आदिवासींना बेवडे ठरवणारे शहाणे काही कमी नाहीत. त्यांनी आपल्या कांद्याच्या आणि द्राक्षाच्या गावांतले ढाबे एकदा रात्री बघावेत. पण जमिनीला सोडलेला थेंब आणि पोराच्या ओठाला लावलेला ग्लास यात फरक आहे. मान देवाचा आहे. तो पोराला पाजल्याशिवाय पुरा होत नाही, असं म्हणणारा जाणता आम्हाला तरी अजून भेटलेला नाही. शिवाय पूर्वीची मोहाची आणि आजची गूळ-नवसागराची हातभट्टी एक नव्हे. तिच्यात काय काय पडतं ते गाळणाराच जाणे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पांगरमलला झेडपी निवडणुकीच्या पार्टीत तेच झालं. तिथं मोठी माणसं टिकली नाहीत, तिथं वीस-पंचवीस किलोच्या पोराचं काय? लहान मुलाच्या अंगात दारू गेली की रक्तातली साखर झपकन उतरते, झटके येऊ शकतात. उपाशीपोटी तर जास्तच.

मग बापानं करायचं काय? झोडपून काढणं हा उपाय नाही. मार खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी लपून पितं आणि पडलं तरी घरी कळवत नाही. 'माझ्यासमोर' म्हणणाऱ्या बापाचं एवढं म्हणणं बरोबर आहे की पोरानं घाबरून लपू नये. त्यासाठी दारू द्यावी लागत नाही, बोलावं लागतं. पोरगं पिऊन आलंच तर भांडण सकाळी. रात्री त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. हाक मारून उठत नसेल, श्वास हळू वाटत असेल, अंग गार पडलं असेल, तर १०८ ला फोन करा. बदनामीच्या भीतीनं उशीर नको. व्यसन सोडवण्यासाठी सल्ला हवा असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. मुलांसाठी १०९८. आणि हो, बापाला स्वतःची सुटत नसेल तर १४४४६ त्याच्यासाठीही आहे. पोरं ऐकतात कमी, बघतात जास्त.

एकट्या घरानं हे होत नाही, कारण हळदीच्या रात्री एक घर नाही म्हणालं तरी शेजारचं देतं. इथं कळवणकरांच्या हातात एक गोष्ट आहे, जी निफाड-येवल्याच्या गावांकडं नाही. कळवण, सुरगाणा आणि पेठ हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम इथं लागू आहेत. दारूची विक्री आणि पिणं यावर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिला आहे. (कळवण शहरात नगरपंचायत आहे, तिथं हे लागू नाही.) परवान्याचं दुकान बंद करायला 'आडवी बाटली'चं मतदान वेगळं : २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, आणि मग एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं. दुकान बंद झालं की हातभट्टी जोर धरते, हा अनुभवही जुना आहे. म्हणून सगळी दारू बंद करायचा मोठा ठराव जमत नसेल, तर छोटा करता येईल : लग्न-हळदीत १८ खालच्या कुणाला दारू द्यायची नाही, आणायला पाठवायचं नाही, आणि देणाऱ्याचं नाव ग्रामसभेत वाचायचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी असा विषय ग्रामसेवकाकडं लेखी देता येतो. अर्जाची पोच मात्र घ्या.