काचेमागचे पाणी

घरातले मत्स्यालय आपल्या कथा-कवितेत बंदिवासाचे आयते प्रतीक होऊन बसले आहे. प्रतीकाला आमची हरकत नाही. ते योजणाऱ्याने पाण्याकडे क्वचितच पाहिलेले असते, याला आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी भरली, की सुमारे ४५० किलो पाणीच झाले. काच, वाळू, दगड वेगळे. शोभेच्या टेबलाचे हे काम नव्हे. शिवाय त्याच दिवशी मासे सोडायचे नसतात. मासे अमोनिया सोडतात. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत रुजायला काही आठवडे जातात. थोडा थोडा अमोनिया घालून त्यांना जोपासावे लागते. घाईने मासे सोडले, तर निर्मळ दिसणारे तेच पाणी त्यांना विष होते. (विक्रेत्याला मात्र टाकी आणि मासे एकदमच विकायचे असतात.)

फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली ‘द अक्वेरियम’ लिहिले आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र मांडण्याची हौस बळावली. त्यांचे पुत्र, समीक्षक एडमंड गॉस, ‘फादर अँड सन’मध्ये (१९०७) खंतावून सांगतात, की वडिलांच्याच पुस्तकांमुळे संग्राहक लोटले आणि किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडली गेली. अभ्यासक्रमात हे पुस्तक पितापुत्रांच्या श्रद्धासंघर्षासाठी वाचले जाते. डबक्यांचे पान मागे राहते.

आजही घरगुती सागरी टाक्यांतले बहुतेक मासे प्रवाळखडकांवरून पकडलेले असतात, गोड्या पाण्यातले बहुतांश पैदाशीचे. दोन्ही टाक्यांना कवितेत एकच उपमा पुरावी, हे आम्हांस पटत नाही.