धाक आणि शाबासकी

कुत्रा हा मनुष्याचा फार प्राचीन सोबती होय. गाय, बैल आणि घोडा माणसाळण्याच्याही पुष्कळ आधी तो मनुष्याच्या आश्रयास आला. शेताची राखण, मेंढरांची जपणूक, शिकारीतील साथ अशी नाना कामे त्याने निष्ठेने केली. परंतु ही कामे शिकविताना मनुष्याने अनेकदा काठीचाच आधार घेतला. धाक नसेल तर जनावर शेफारते, ही समजूत आजही पुष्कळ ठिकाणी आढळते. ती कितपत खरी आहे, याचा विचार केला पाहिजे.

एक नेहमीचे उदाहरण पाहावे. अंगणात बांधलेला मोती साखळीतून सुटतो आणि रस्त्यावर धूम ठोकतो. धनी हाका मारतो. मोती बराच वेळ हुंदडतो व अखेर हाक ऐकून परत येतो. तो जवळ येताच धनी रागाने त्याच्या पाठीत काठी घालतो. ही शिक्षा पळून गेल्याबद्दल आहे, असे धन्याच्या मनात असते. परंतु मोतीला काय कळते? पळून जाणे केव्हाच मागे पडले. काठी बसली ती परत आल्यावर. हाकेसरशी आले की मार बसतो, एवढाच धडा तो घेतो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही, तेव्हा धनी त्यास हट्टी म्हणतो. वस्तुतः शिष्य आपला धडा बिनचूक शिकला. चुकला तो गुरू!

आता दुसरी रीत पाहावी. प्रथम चार पावलांवरून हाक मारावी. मोती आला की त्याच क्षणी त्यास शाबासकी द्यावी आणि भाकरीचा तुकडा द्यावा. मग दहा पावलांवरून, पुढे अंगणाच्या टोकावरून हाक मारावी. थोड्याच दिवसांत हाक ऐकताच तो आनंदाने धावत येतो. बक्षीस मात्र तत्क्षणी मिळाले पाहिजे. उशीर झाला, तर ते कशाबद्दल मिळाले हे त्या मुक्या प्राण्यास समजत नाही.

या रीतीस शास्त्राचाही आधार आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये आपले मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेल्या मांजरास दार उघडण्याची युक्ती साधली, की बाहेर ठेवलेले अन्न मिळे. पुढच्या प्रत्येक खेपेस मांजर अधिकाधिक लवकर बाहेर येऊ लागले. ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे यातून दिसून आले. पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धाकाने शिकविलेल्या कुत्र्यांत मनावरील ताणाची लक्षणे अधिक आढळली.

यावर काही आक्षेप घेतले जातात. रागावले की कुत्रा मान खाली घालतो. त्यास आपली चूक कळते, असे पुष्कळांस वाटते. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात, काहीही अपराध न केलेले कुत्रेही मालक रागावताच तसेच पाहू लागले. तो पश्चात्ताप नव्हे, ती भीती होय. दुसरा आक्षेप असा, की खाऊ देणे ही लाचच नाही काय? लाच गैर कामासाठी देतात. हे तर प्रामाणिक कामाचे वेतन आहे. शिवाय सवय जडली, की खाऊ हळूहळू कमी करता येतो. शाबासकी म्हणजे वाटेल ते करू देणेही नव्हे. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकल्यावरच त्यास कुरवाळावे. येथे शिस्त आहे. मार मात्र नाही.

काही कामे तर धाकाने होणेच शक्य नाही. १९९३ साली मुंबईत बाँबस्फोट झाल्यानंतर पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या कुत्र्याने ३,००० किलोग्रॅमहून अधिक स्फोटके हुडकून दिली. स्फोटक कोठे दडविले आहे, हे कुत्र्याच्या शिक्षकासही ठाऊक नसते. मग ते न दाखविल्याबद्दल काठी उगारणार कशी? म्हणून शोधक कुत्र्यांना शिकविताना ठरावीक वास ओळखल्यावर आवडता चेंडू किंवा खाऊ देतात. काम त्यांना खेळासारखे प्रिय होते आणि ते मन लावून शोध घेतात.

धाकाने कुत्रा तेवढ्यापुरता गप्प बसतो, हे खोटे नाही. परंतु काय करू नये एवढेच काठी सांगते. काय करावे हे ती सांगत नाही. शिवाय भ्यालेला कुत्राच पुष्कळदा चावतो. गल्लीतील कुत्र्यास विनाकारण दगड मारणारा मुलगा त्यास माणसाचे भय शिकवितो, आणि त्या भयाचे फळ कधी तरी एखाद्या निरपराध वाटसरूस भोगावे लागते. मनुष्याच्या हाताची प्राण्यास भीती वाटावी की भरवसा वाटावा, हे त्या हाताच्या वर्तनावरच अवलंबून आहे. धाक असतो तोवर आज्ञा पाळली जाते. विश्वासाने जे शिकविले जाते, ते पाठ फिरल्यावरही टिकते.