जट देवीची की धुळीची?

पोरीच्या केसांत गुंता झाला की देवऋषी सांगतो, "यल्लमा आली, फणी लावाल तर घराचे वाटोळे होईल!" आणि आईबापांचे हात आखडतात. आम्ही विचारतो, लोकरीचा गोळा बसला तर धनगर त्याची पूजा करितो काय? गळालेले केस विंचरून काढले नाहीत, ते घामाधुळीने उरलेल्या केसांत गुरफटले, की जट झाली. यात देवी कोठे आली?

याच जटेपायी किती लेकी सौंदत्तीस देवीला सोडल्या गेल्या! देवऋषी आपली लेक सोडतो काय? असे सोडणे मुंबई इलाख्यात १९३४ सालीच कायद्याने बंद केले. तरी भीती उरलीच.

गुंता कोवळा असेल तर खोबरेल चोळा, बोटांनी केस सुटे करा, मग विरळ दात्यांची फणी आधी टोकांना व नंतर मुळांकडे चालवा. जुनी जट सुटत नाही; ती उवा पोसते, मान दुखविते; ती कात्रीने कापा. पुढे रोज विंचरा, न्हाऊ घाला, वेणी घालून निजवा.

कोप होईल म्हणता? लेकीचा जन्म नासतो, याहून मोठा कोप कोणता? उचला फणी!