चिप स्वस्त कुणी केली?

१/ संगणक दरवर्षी स्वस्त होत जाणार, हे आपण सूर्योदयाइतके गृहीत धरतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. ही स्वस्ताई माणसांनी घडवली आणि तिचा आरंभीचा भार सरकारी खजिन्याने उचलला.

२/ १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी स्वतंत्रपणे चिपची कल्पना साकारली. कल्पना अपूर्व होती, पण किंमत अशी की सुटे ट्रान्झिस्टर जोडणेच उद्योगांना परवडे.

३/ मग गिऱ्हाईक कोण? अपोलो यानाचा मार्गदर्शक संगणक आणि मिनिटमन क्षेपणास्त्र. तेथे वजन व विश्वासार्हता यांपुढे किंमत गौण होती. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील चिप-उत्पादनाचा फार मोठा हिस्सा अशा सरकारी प्रकल्पांनीच विकत घेतला. त्या मागणीवर कारखान्यांचा हात बसला आणि भाव उतरू लागले.

४/ एप्रिल १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांचा प्रसिद्ध लेख आला. त्यातील ‘दरवर्षी दुप्पट’ एवढेच लोकांच्या स्मरणात राहिले. लेखाचा गाभा मात्र खर्चाचा होता. एका चिपवर जितके अधिक घटक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी. पण अतिदाटी केली की सदोष चिपा वाढतात. या दोहोंमधला सर्वांत स्वस्त बिंदू दरवर्षी पुढे सरकतो, हे मूर यांनी दाखवले.

५/ १९७५ मध्ये त्यांनीच दुपटीचा काळ दोन वर्षांवर नेला. निसर्गनियमात अशी दुरुस्ती होत नसते. उद्योगाने स्वतःला घालून घेतलेले ते वेळापत्रक होते.

६/ १९७१ च्या इंटेल ४००४ चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज नखाएवढ्या चिपवर अब्जावधी असतात. पण अद्ययावत कारखान्याचा खर्चही अब्जावधी डॉलरांवर गेला आहे. त्यामुळे अशा चिपा मूठभर कंपन्याच बनवू शकतात.

७/ डिसेंबर २०२१ मध्ये भारताने चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. माझ्या मते, अपोलोचा धडा येथे नेमका लागू पडतो. कारखाना उभारायला दिलेले अनुदान आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. अमेरिकी सरकार कठोर चाचण्या घेणारे, तरीही ठरल्याप्रमाणे माल उचलणारे गिऱ्हाईक होते.

८/ तेव्हा अनुदानाच्या आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : येथे बनलेली पहिली, महाग चिप विकत कोण घेणार?