आधी काडतूस, मग पिस्तूल

सेकंडहँड गाडी घेताना आपण टायर बघतो, सर्व्हिस रेकॉर्ड बघतो. पेट्रोल मिळेल का, असं कोणी विचारत नाही. मिळणारच असतं! पिस्तुलाचं तसं नाही, मंडळी.

मी टेक्सासात राहतो. ग्रीनकार्ड हातात आल्यावर एक जुनं बल्गेरियन मकारोव्ह घेतलं. (एच-वनवाल्यांनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. नसती आफत ओढवून घेऊ नका.) १९५१ मध्ये सोव्हिएत लष्कराने स्वीकारलेलं हे डिझाइन म्हणजे इंजिनिअरला आवडावं असंच. नळी फ्रेमला पक्की बसवलेली, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर सगळा कारभार. दुकानदारासमोर नळी उजेडात धरून बघितली, सेफ्टी वर केल्यावर हॅमर नीट उतरतो का ते पाहिलं. वय झालेली स्प्रिंग घरी बदलली. एवढ्यात भागलं.

खरी गोम आहे ती गोळीत. नाव ९ मिमी, पण ही ९×१८. जगभर चालणारी ती ९×१९. केसची लांबी वेगळी आहेच, शिवाय मकारोव्हची गोळी प्रत्यक्षात सव्वानऊ मिमीच्या आसपास जाड. म्हणजे नाव तेच आणि फॉरमॅट वेगळा! एकीची गोळी दुसरीत चालत नाही, चालवून बघूही नये.

अमेरिकेत यातला बराचसा स्वस्त माल रशियातून यायचा. २०२० मध्ये नवाल्नीवर विषप्रयोग झाला, आणि त्यावरच्या निर्बंधांत सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांना नवे आयात परवाने देणं बंद झालं. कुठे सायबेरिया, कुठे माझं कपाट! चेक आणि सर्बियन कंपन्यांचा माल मिळतो, पण नेहमीच्या ९ मिमीपेक्षा चांगलाच महाग. (भारतात आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे ९ मिमी सामान्य नागरिकाला प्रतिबंधित, म्हणून परवानाधारकांकडे पॉइंट बत्तीस दिसतं.)

गोळी महाग झाली की माणूस रेंजवर पन्नासऐवजी वीस झाडतो. मग दोन महिन्यांतून एकदा. मग पिस्तूल नुसतंच तिजोरीत. ज्या हत्याराची हाताला सवय नाही, कुठलं मॅगझिन अडकतं ते ठाऊक नाही, ते 'घराच्या रक्षणासाठी' आहे असं म्हणणं मला तरी धोक्याचं वाटतं. बायकापोरं असलेल्या घरात तर जास्तच. छंद म्हणून मकारोव्ह खुशाल घ्या, मीही त्याचसाठी घेतलंय. घरातलं एकमेव पिस्तूल म्हणून मात्र, स्वस्त मिळतंय तरी, नको.

ऑफिसातल्या एका मित्राला हेच सांगितलं. त्याने शहाण्यासारखं ९×१९ मधलं जुनं ग्लॉक घेतलं. मकारोव्ह झाडायला मात्र दर महिन्याला माझ्याबरोबर येतो... आणि गोळ्या माझ्याच! :-)