ऑपरेटरलाही 'सर' म्हणूया!

जेसीबीची खोदाई बघायला गर्दी जमते, यावर 2019 मध्ये सगळा देश हसला. मीही हसलो होतो. पण या सुट्टीत जुन्या पनवेलच्या एका गल्लीत, जिथे मोठा जेसीबी शिरतच नाही, मिनी एक्सकॅव्हेटरच्या सीटवर बसलो आणि माझं हसू पळालं!

डाव्या हाताला मशीन फिरवणं आणि आर्म, उजव्या हाताला बूम आणि बकेट. पास्कलचा नियम मला तोंडपाठ. पण चराचा तळ सपाट यायचा तर बूम, आर्म, बकेट तिन्ही एकाच वेळी थोडं थोडं हलवावं लागतं. माझा तळ म्हणजे समुद्राच्या लाटा! ऑपरेटर काका म्हणाले, "जोर नको रे लावू. बोटांनी चालव."

मग ते स्वतः बसले. खणता खणता अचानक थांबले. ड्रॉइंगमध्ये तिथे काहीच नव्हतं. फावड्याने माती बाजूला केली, तर खाली जुना पाण्याचा पाईप! कसं कळलं, विचारलं. "मातीचा रंग बदलला ना. म्हणजे इथे आधी कोणीतरी खणलंय."

हे आपल्या कुठल्या पेपरात आहे? आपण जर्नल कॉपी करतो, आणि उद्या साईटवर अशाच माणसाला 'ए' म्हणून हाक मारू. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: गेस्ट लेक्चरला एकदा ऑपरेटरला बोलवा. आणि डिग्रीआधी प्रत्येकाला एक मीटर चर खणू द्या.

माझा एक मीटर? तो काकांनी परत खणला!